यंत्रांच्या रोजनिशीतील गोंगाट

दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे एक जुने जंक्शन आहे. १८९७ साली येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे सुरू झाली. पुढे ती एका बाजूस लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरवरून मिरजेपर्यंत पोचली. ती छोटी गाडी आता राहिलेली नाही, तिच्या जागी रुंद रूळ आले आहेत. पण चार दिशांचे मार्ग अजूनही कुर्डुवाडीतच एकत्र येतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा तर येथे गाड्यांची रीघ लागते.

अशा जंक्शनात कोणत्या रुळावर गाडी उभी आहे, कोणता सांधा कोणत्या बाजूस वळवलेला आहे, कोणत्या सिग्नलचा कोणता दिवा पेटला आहे, या सर्वांची क्षणाक्षणाची नोंद कोण ठेवत असेल? स्टेशन मास्तरांच्या टेबलावर गाड्यांच्या येण्याजाण्याचे रजिस्टर असते हे खरे. पण सेकंदाच्या शंभराव्या भागात घडणाऱ्या गोष्टी माणूस कशा लिहून काढणार? हे काम यंत्राकडे सोपवलेले असते. भारतीय रेल्वेच्या आधुनिक सिग्नल-यंत्रणा असलेल्या स्थानकांवर ‘डेटा लॉगर’ नावाचे उपकरण बसवतात. विमानात जे काम ‘ब्लॅक बॉक्स’ करतो, तेच येथे डेटा लॉगर करतो.

‘लॉग’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. पूर्वी शिडाच्या जहाजावरील खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात सोडत आणि ठराविक वेळात किती दोरी सुटली ते मोजून जहाजाचा वेग काढत. हे आकडे ज्या वहीत लिहीत तिलाही लॉग हेच नाव पडले. आज प्रत्येक संगणक, प्रत्येक कारखाना, प्रत्येक वीजकेंद्र अशी एक रोजनिशी लिहीत असते. आणि या सगळ्या रोजनिशांची एक समान व्याधी आहे: एकच तक्रार त्यांत हजारो वेळा लिहिली जाते आणि तिच्या गर्दीत खरी बातमी बुडून जाते. ही गर्दी कशी हटवावी, आणि हटवताना कोणते भान ठेवावे, हे या लेखात पाहू.

रूळच सांगतात, गाडी कोठे आहे

प्रथम रेल्वेचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन याने १८७२ साली एका साध्या कल्पनेचे पेटंट घेतले. रुळांचा एक तुकडा शेजारच्या तुकड्यांपासून विद्युतरोधक जोडांनी वेगळा करायचा. त्या तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही रुळांमध्ये विद्युतघट जोडायचा आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारी कळ, जोडायची. रूळ मोकळा असेल तेव्हा एका रुळातून गेलेला प्रवाह रिलेमधून फिरून दुसऱ्या रुळाने परत येतो. चुंबक आपला लोखंडी पट्टीचा हात उचलून धरतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाके व आस दोन्ही रुळांना जोडतात. प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिलेकडे तो पोचतच नाही आणि रिलेचा हात खाली पडतो. सिग्नल तांबडा होतो.

या रचनेचे एक मोठे वैशिष्ट्य आहे. घट संपला, तार तुटली किंवा रूळ मोडला तरीही रिले पडतो आणि सिग्नल तांबडाच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबावी, धोक्यात जाऊ नये, असा हा हिशेब आहे. याला ‘ट्रॅक सर्किट’ म्हणतात. अनेक ठिकाणी आता आत गेलेल्या व बाहेर पडलेल्या आसांची संख्या मोजून ताळा घेणारी यंत्रेही बसवतात.

डेटा लॉगर हे सारे रिले पाहत असतो. १६ मिलिसेकंदांच्या आत तो सर्व रिलेंवरून एक फेरी मारतो, म्हणजे एका सेकंदात ६० हून अधिक फेऱ्या होतात. एखाद्या रिलेची स्थिती मागील फेरीपेक्षा बदललेली आढळली की तो तारीख व वेळ घालून एक ओळ लिहितो. अशा सुमारे १० लाख नोंदी त्याच्या स्मृतीत मावतात. वही भरली की सर्वांत जुनी नोंद पुसून तेथे नवी लिहिली जाते.

भिजलेल्या खडीची करामत

आता पावसाळ्यातील एक दिवस डोळ्यांसमोर आणा. रुळांखालील खडीत माती साचली आहे आणि ती ओली झाली आहे. कोरडी खडी विजेला चांगलाच विरोध करते, पण ओला चिखल प्रवाह थोडाफार झिरपू देतो. एका रुळातील प्रवाहाचा काही भाग चिखलातून दुसऱ्या रुळाकडे जातो आणि रिलेच्या वाट्याला जेमतेम प्रवाह उरतो. मग रिलेचे हात कधी उचलले जातात, कधी पडतात. गाडी नसतानाही तो फडफडू लागतो. एखाद्या ठिकाणी तारेचा जोड सैल झाला असेल तरीही हेच घडते.

बिचारा डेटा लॉगर मात्र प्रामाणिक कारकून! तो प्रत्येक फडफड लिहून घेतो. समजा, एक रिले सेकंदाला पाच वेळा पडतो व पाच वेळा उचलला जातो. म्हणजे सेकंदाला १० नोंदी झाल्या, तासाला ३६,००० झाल्या. १० लाख नोंदींची वही भरायला किती वेळ लागेल? १०,००,००० ला ३६,००० ने भागा. उत्तर २८ तासांपेक्षा थोडे कमी येते. एकटा बिघडलेला रिले एका दिवसाहून थोड्याच अधिक वेळात साऱ्या स्थानकाचा मागचा इतिहास पुसून टाकू शकतो!

यावरचा पहिला उपाय नोंद लिहिण्यापूर्वीच करतात. धातूचे दोन स्पर्शक एकमेकांवर आपटले की लहानसा चेंडू जमिनीवर पडावा तसे ते क्षणभर उसळतात आणि मग स्थिर होतात. म्हणून यंत्राला सांगता येते की स्थिती बदललेली दिसताच लगेच लिहू नकोस. सलग तीन फेऱ्यांत तीच स्थिती दिसली तरच लिही. १६ मिलिसेकंदांची एक फेरी धरली तर हा ४८ मिलिसेकंदांचा धीर झाला. उसळीच्या नोंदी त्यामुळे गळून पडतात. पण धीर किती धरावा यालाही मर्यादा आहे. तो दोन सेकंदांचा केला तर वही स्वच्छ राहील. मात्र एक सेकंद टिकलेला खराखुरा बिघाडही तिच्यात दिसणार नाही. चाळणीची भोके मोठी केली की धान्यही खाली जाते, तशातलाच हा प्रकार.

निकालाच्या दुपारी

डेटा लॉगर हा अखेर एक संगणकच आहे. म्हणूनच ही अडचण रेल्वेपुरती मर्यादित नाही. ज्या संगणकांकडे एकाच वेळी असंख्य लोक माहिती मागतात त्यांना सर्व्हर म्हणतात. प्रत्येक सर्व्हर स्वतःची रोजनिशी ठेवतो. कोणी, केव्हा, काय मागितले, ते देता आले की नाही, नसेल तर का, हे सर्व तीत येते.

दहावीच्या निकालाची दुपार घ्या. समजा, निकालाची पाने पुरवणारा सर्व्हर आणि गुणांचा साठा सांभाळणारा संगणक यांच्यामधील जोडणी तुटली. माढ्यातील विद्यार्थ्याने क्रमांक टाकला, पान उघडले नाही. त्याने पुन्हा कळ दाबली. बार्शीच्या, अकलूजच्या, सांगोल्याच्या विद्यार्थ्यांनीही तेच केले. उत्तर मिळत नाही म्हणून मागण्या वाढतात, आणि मागण्या वाढतात म्हणून तक्रारीही वाढतात. सर्व्हर दर वेळी इमाने लिहितो, ‘गुणसाठ्याशी जोडणी नाही’.

सेकंदाला अशा ५०० तक्रारी आल्या आणि एका तक्रारीची ओळ १२० अक्षरांची धरली, तर सेकंदाला ६०,००० अक्षरे होतात. तासाला होतात २१ कोटी ६० लाख. पुस्तकाच्या एका पानावर २,००० अक्षरे मावतात असे मानले तर ही १,०८,००० पाने झाली. म्हणजे अडीचशे पानांची ४३२ पुस्तके! आणि या सर्व पुस्तकांत मिळून मजकूर कोणता? एकच वाक्य, १८ लाख वेळा. त्यांतच कोठेतरी एकदाच आलेली दुसरी ओळ असते: ‘गुणसाठ्याच्या चकतीवर जागा उरली नाही’. दुखण्याचे मूळ ती ओळ सांगते; पण १८ लाखांमधून ती शोधणार कोण? शिवाय रोजनिशीच इतकी फुगते की काही वेळा तिच्यामुळेच चकती भरते आणि धडधाकट सर्व्हरही बंद पडतो. रोग्याच्या कण्हण्यानेच घर कोसळावे, तसे हे होते.

पहिली युक्ती: घडी घालणे

या गर्दीवरची सर्वांत जुनी युक्ती सोपी आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ नावाची नोंदी गोळा करण्याची व्यवस्था तयार केली. पुढे ती जगभर पसरली. या व्यवस्थेत एक सोय आहे. लागोपाठ तोच संदेश आला तर तो पुन्हा न लिहिता यंत्र मनातल्या मनात मोजत राहते आणि शेवटी एवढेच लिहिते की मागील संदेश आणखी अमुक वेळा आला. शंभर ओळींच्या जागी दोन ओळी होतात आणि माहिती जवळजवळ काहीच हरवत नाही. किराणा दुकानदार वहीत ‘साखर, साखर, साखर’ असे न लिहिता ‘साखर, ३ किलो’ असे लिहितो ना? तोच हा हिशेब.

पण या युक्तीला दोन ठिकाणी ठेच लागते. दोन तक्रारी आलटून पालटून येऊ लागल्या तर कोणतीही ओळ आपल्या मागच्या ओळीसारखी नसते आणि घडी पडतच नाही. दुसरे असे की प्रत्येक ओळीत मागणीचा क्रमांक वेगळा असेल तर माणसाला सारख्या दिसणाऱ्या ओळी यंत्राला मात्र निरनिराळ्या वाटतात. अक्षरशः तुलना करणाऱ्याला ‘मागणी क्र. ४१०७’ आणि ‘मागणी क्र. ४१०८’ हे दोन भिन्न संदेशच आहेत.

दुसरी युक्ती: साचा ओळखणे

येथे गणित मदतीला येते. अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० नंतरच्या दशकात चिन्हांच्या मालिकांचे साचे नेमक्या भाषेत कसे मांडावेत याचा पाया घातला. ‘आधी काही अंक, मग हा शब्द, मग पुन्हा कितीही अंक’ अशी वर्णने त्या भाषेत लिहिता येतात. केन टॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत ‘ग्रेप’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली. एखादा साचा दिला की मोठ्या फाइलीतील त्या साच्यात बसणाऱ्या ओळी ती बाहेर काढते. तिला उलटेही वापरता येते: साच्यात बसणाऱ्या ओळी वगळ आणि उरलेल्या दाखव. जगभरचे संगणक-तंत्रज्ञ आजही रोज ही आज्ञावली वापरतात.

साच्याने काम कसे होते ते पाहा. प्रत्येक ओळीतील बदलणारा भाग, म्हणजे वेळ, क्रमांक, पत्ता इत्यादी, पुसून तेथे फुली घाला. मग ‘फुली, गुणसाठ्याशी जोडणी नाही, मागणी क्र. फुली’ एवढाच सांगाडा उरतो. १८ लाख ओळींचा सांगाडा एकच! आता प्रत्येक सांगाड्यासमोर तीन गोष्टी लिहा: तो किती वेळा आला, पहिल्यांदा केव्हा आला आणि शेवटी केव्हा आला. ४३२ पुस्तकांची रोजनिशी एका पानावर येते. ते पान संख्येच्या उतरत्या क्रमाने लावले तर गोंगाट करणारे वर दिसतात. चढत्या क्रमाने लावले तर एकदाच आलेला, पण मोलाचा संदेश डोक्यावर येऊन बसतो.

करून पाहा

यासाठी संगणकाची गरज नाही, वही-पेन्सिल पुरे. खाली एका काल्पनिक स्थानकातील नोंदी दिल्या आहेत. त-१ व त-३ हे रुळांच्या दोन तुकड्यांचे रिले आहेत.

०६:१०:०५ त-३ पडला
०६:१०:०५ त-३ उचलला
०६:१०:०९ त-३ पडला
०६:१०:०९ त-३ उचलला
०६:१०:१२ सिग्नल ७ चा दिवा विझला
०६:१०:१४ त-३ पडला
०६:१०:१४ त-३ उचलला
०६:१०:३० त-३ पडला
०६:१०:३० त-३ उचलला
०६:११:०० त-१ पडला
०६:११:४८ त-१ उचलला
०६:१२:०२ त-३ पडला
०६:१२:०२ त-३ उचलला

प्रथम वेळ झाकून घडी घालण्याची युक्ती लावा. लागोपाठ दोन ओळी सारख्या कोठेच नाहीत, म्हणून १३ च्या १३ ओळी तशाच राहतात. आता ‘पडला’ व ‘उचलला’ यांची जोडी हा एक साचा माना आणि दोहोंमधील अंतर पाहा. सारी यादी तीन ओळींत मावते:

त-३ क्षणभर पडून उचलला: ५ वेळा, ०६:१०:०५ पासून ०६:१२:०२ पर्यंत
त-१ ४८ सेकंद पडून उचलला: १ वेळ
सिग्नल ७ चा दिवा विझला: १ वेळ

आता प्रत्येक ओळ बोलू लागते. त-१ वरून बहुधा गाडी गेली. सिग्नल ७ चा दिवा बदलायला माणूस पाठवला पाहिजे. आणि त-३? तेथे क्षणभर येऊन नाहीशी होणारी गाडी जगात नाही. तेव्हा खडी, तारा व जोड तपासायला हवेत. मोकळ्या तासाला शिक्षकांनी फळ्यावर अशीच यादी लिहून द्यावी आणि वर्गाने दोन गट करून ती घडीने व साच्याने लहान करावी. कोणत्या गटाकडून कोणती माहिती निसटली, याची चर्चा फार उद्बोधक होते.

चाळणीचे धोके

कंटाळलेल्या माणसाला आणखी एक सोपा मार्ग सुचतो. त-३ च्या ओळी त्रास देतात ना? मग त-३ चे नावच यादीतून काढून टाका! वरील उदाहरणात वही एकदम स्वच्छ होईल. पण थोड्या वेळाने त-३ वर खरीच गाडी येऊन उभी राहिली, तर तीही रोजनिशीत दिसणार नाही.

शब्दांच्या चाळणीतही असाच खड्डा असतो. सर्व्हरच्या रोजनिशीतून ‘जोडणी नाही’ हे शब्द असलेल्या साऱ्या ओळी वगळा, अशी आज्ञा दिली. हेतू एवढाच की गुणसाठ्याची तक्रार दिसू नये. पण त्याबरोबर ‘वीजपुरवठ्याशी जोडणी नाही’ ही ओळही गेली! म्हणून अनुभवी तंत्रज्ञ वगळण्याचा साचा शक्य तितका नेमका लिहितात, वगळलेल्या ओळींची संख्या मांडून ठेवतात आणि मूळ रोजनिशी कधीच खोडत नाहीत. चाळणी लावायची ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. मूळ वही कपाटात जशीच्या तशी राहिली पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील मुलांना हे तत्त्व खळ्यावर पाहायला मिळते. ज्वारी उफणताना वाऱ्यावर भूस एका बाजूला पडते आणि दाणे दुसऱ्या बाजूला. पण शेतकरी भूस फेकून देत नाही. ते गोळा करून जनावरांसाठी ठेवतो. यंदा भूस फार आणि दाणे कमी निघाले, तर त्यावरून तो कणीस नीट भरले नाही हेही ओळखतो.

गोंगाटाने बुडवलेली बातमी

हे सारे नुसते वहीच्या टापटिपीचे प्रश्न आहेत असे कोणी समजू नये. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात पंप बंद पडण्यापासून बिघाडांची मालिका सुरू झाली. पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रणकक्षात शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना पेटल्या. त्यांत महत्त्वाची कोणती आणि परिणामामुळे आलेली कोणती, हे वेगळे करण्याची काही सोय नव्हती. सूचना छापणारे यंत्र एकेक ओळ छापत होते; ते घटनांच्या मागे पडत पडत एका वेळी दोन तासांहून अधिक मागे राहिले. दरम्यान एक झडप उघडीच अडकली होती आणि तीतून अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी निघून चालले होते. भट्टीचा गाभा अंशतः वितळला.

२४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. २६ माणसे जखमी झाली. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन चालकांसमोर २७५ सूचना आल्या होत्या. भागाकार करून पाहा: दर २.४ सेकंदांना एक! एक वाचून होण्यापूर्वी दुसरी हजर. या अनुभवांनंतर ब्रिटनमध्ये १९९९ साली अशा सूचनांविषयी एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. कारखाना सुरळीत चालू असताना एका चालकापुढे सरासरी दहा मिनिटांत एकाहून अधिक सूचना येऊ नये, हे तीत चांगल्या व्यवस्थेचे लक्षण मानले आहे. माणसाचे लक्ष हीसुद्धा एक मर्यादित वस्तू आहे, ती जपून खर्चावी, हा त्यामागचा विचार.

पुनरावृत्ती हीच बातमी

मग वारंवार येणारे सर्व संदेश म्हणजे कचरा असे म्हणायचे काय? याचे उत्तर आपल्याच देशातील एका दुःखद घटनेत मिळते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. पण सांधा बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि तिचे काही डबे शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या वाटेत पडले. पावणेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या अपघाताच्या तपासात डेटा लॉगरच्या नोंदीही पाहिल्या गेल्या.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात सिग्नलच्या तारांच्या जोडणीतील चुकांवर बोट ठेवले आहे. त्याचबरोबर त्यात आणखी एक गोष्ट नमूद आहे. दोन मार्गांना जोडणाऱ्या सांध्यांचे विचित्र वर्तन पुन्हा पुन्हा दिसले होते. ते सिग्नल खात्याला कळवले गेले असते तर वेळीच उपाय करता आला असता. त्याच विभागातील दुसऱ्या एका स्थानकात १६ मे २०२२ रोजी चुकीच्या जोडणीमुळेच तशीच घटना घडली होती, याचाही अहवालात उल्लेख आहे.

‘रोज मरे त्याला कोण रडे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाचे मन खरेच तसे वागते. तीच तक्रार दहाव्यांदा ऐकली की कान आपोआप बंद होतात. यंत्राला मात्र आपण वेगळे शिकवू शकतो. तीच तक्रार दहाव्यांदा आली तर ती दहा वेळा ओरडून सांगू नकोस; एकदाच सांग, पण ‘ही दहावी वेळ आहे’ असे सांग. काल दिवसभरात ५ वेळा फडफडलेला रिले आज ५० वेळा फडफडला, हा आकडाच बातमी होतो. बिघाड वाढत चालल्याची ती खूण असते आणि गाडी अडून पडण्यापूर्वीच दुरुस्तीला जाता येते. म्हणून चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक साच्याची नेहमीची संख्या ठरवून ठेवतात आणि ती ओलांडली की माणसाला हाक मारतात.

न आलेली नोंद

अखेरीस आणखी एका प्रकाराचा विचार करायला हवा. सोलापुरात कापडगिरण्या जोरात चालू होत्या त्या काळी गिरणीच्या भोंग्यावर घराघरांतील कामे चालत. रोज वाजणाऱ्या भोंग्याकडे कोणाचे मुद्दाम लक्ष नसे. पण एखाद्या दिवशी तो वाजला नाही तर? सारी वस्ती दारात येऊन विचारी, ‘आज गिरणीत काय झाले?’

यंत्रांच्या रोजनिशीतही असे भोंगे असतात. ‘मी चालू आहे, सर्व ठीक आहे’ असा संदेश काही यंत्रे ठराविक वेळाने पाठवतात. वाचणाऱ्याला ती निव्वळ कटकट वाटते आणि चाळणी लावताना पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. तो संदेश डोळ्यांआड करायला हरकत नाही. मात्र तो वेळेवर येतो आहे की नाही यावर यंत्राचा पहारा हवा. कारण तार तुटली किंवा यंत्रच बंद पडले, तर ते तक्रार करायलाही उरत नाही. त्याची रोजनिशी तेव्हा अगदी स्वच्छ दिसते!

मित्रांनो, सर्व्हर असो, सिग्नल असो की अणुवीज केंद्र, या साऱ्यांतून हाती येणारे नियम मोजकेच आहेत. सारखे ते एकत्र करा. एकत्र केलेले मोजा. पहिली व शेवटची वेळ लिहा. क्वचित आलेले वर आणा. नेहमी येणारे आले नाही तर विचारा. आणि मूळ वही जपून ठेवा, कारण आज जो गोंगाट वाटतो त्यातच उद्याच्या तपासाचा धागा असू शकतो. तुमच्या शाळेच्या हजेरीपटालाही हे नियम लावून पाहा. ‘गैरहजर’ हा शब्द त्यात वर्षभर शेकडो वेळा येतो. पण तोच विद्यार्थी प्रत्येक सोमवारी गैरहजर असेल, तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी, एवढी मोठी बातमी त्या एका शब्दाच्या पुनरावृत्तीत दडलेली असते.